गोदाआत्या आणि बरणीतली राणी

गोदाआत्या आमच्या घरातून गेली ती माझ्या तोंडामुळं. घरात आजही कुणी विचारलं तर सांगतात, कडा गावाला तिच्या चुलत भावाच्या बायकोचं बाळंतपण आलं होतं, मदतीला बाईमाणूस हवं होतं, म्हणून ती गेली आणि तिकडंच रमली. खोटं काही नाही त्यात, बाळंतपण खरंच होतं. पण बाळंतपणाला गेलेलं माणूस सव्वा महिन्यानं परत येतं. ती आली नाही. मी तेव्हा नववीत होते आणि घरातली सगळ्यांत शहाणी मीच, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत पक्की करायला गावातली मंडळीही काही कमी नव्हती. पोरगी नववीपर्यंत पोचली म्हणजे जणू कलेक्टरच झाली, असं बघायचे माझ्याकडं.

आमचं गाव वडवणीहून चालत तासाभरावर. दोन खणांचं माळवदाचं घर, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीला लागून शेळ्यांचं कुडाचं खोपट. शेळ्या म्हणायला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पण ओळखायच्या आत्याला. सकाळी मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि डोळे न उघडता मी सांगायचे की आज परातीपुढं कोण बसलंय. माय थापायची तेव्हा थप, थप, थप, एका सुरात, कामाला जुंपलेल्या माणसासारखं. आत्या थापायला बसली की आवाज मध्येच थांबायचा, कारण तिला काहीतरी बोलायचं असायचं आणि बोलताना तिचे हात चालायचे नाहीत. माय म्हणायची, "वन्सं, तोंडाला जरा इसावा द्या, तवा जळायलाय." आत्या हसायची. भाकरी मात्र तिचीच. पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. तिच्यावर येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी ओतली की मी तीन-तीन भाकरी चुरून खायचे आणि वर विचारायचे, अजून आहे का. आता दाताच्या डॉक्टरनं आणि साखरेच्या डॉक्टरनं मिळून माझ्या ताटातलं बरंच काही उचलून नेलंय. सूनबाई येसर आणते बाजारातून, पुडीतला. खाते मी, तक्रार करत करत खाते.

आत्याला दोन लेकरं झाली होती. पहिलं अकरा दिवसांचं होऊन गेलं, दुसरं तीन महिन्यांचं. दुसरी मुलगी होती आणि हसायला लागली होती, हे आत्यानं मला एकदाच सांगितलं, शेळीचं दूध काढता काढता, माझ्याकडं न बघता. मग नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि आत्या पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडं आली. अण्णा म्हणाले, "हे तुजंच घर हाय गोदे, कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई." माय काही म्हणाली नाही. माय वाईट नव्हती हो. पण आपल्या चुलीशी दुसरी बाई कायमची बसणार म्हटल्यावर कुठली बाई हलगी वाजवत नाचेल? दोघी एकमेकींशी नीट वागायच्या, जरा जास्तच नीट. आत्याला या घरावाचून दुसरं घर नव्हतं, हे आत्याला माहीत होतं, मायला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. पोर होती, कळत नव्हतं, असं म्हणून मला सुटायचं नाही.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं होतं की दर शनिवारी मुंग्यांना पीठ घालत जा, कूस टिकेल. कूस टिकली नाही, पीठ घालणं टिकलं. शनिवारी शेळ्या घेऊन निघताना ती मूठभर बाजरीचं पीठ पदराच्या गाठीत बांधून न्यायची. माळावर दाणे वेचणाऱ्या काळ्या मुंग्यांची बिळं असतात, बिळाभोवती त्यांनी टाकलेल्या भुशाचं कडं असतं. त्या कड्याच्या बाहेर ती पीठ भुरभुरवायची, आत कधीच नाही. म्हणायची, कुनाच्या दारात एकदम शिरू नये. मी एकदा विचारलं, "आता कावून घालतीस गं? आता काय मागायचंय तुला?" तर म्हणाली, "त्यांला सवय लागली ना बये. आता न्हाई घातलं तर म्हनतील, काम सरलं अन् गोदी इसरली."

त्या वर्षी आम्हाला विज्ञानाला नवे सर आले होते. परभणीकडचे, तरुण, लग्न न झालेले, त्यामुळं भलतेच उत्साही. त्यांनी वर्गात सांगितलं की मुंग्यांचं अख्खं वारूळ एका राणीपासून सुरू होतं. ती उडते, खाली उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते, भुईत खोली करून स्वतःला कोंडून घेते आणि एकटी पहिली लेकरं वाढवते. पुढं म्हणाले, "मी हे पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पाहिलेलं नाही." शिक्षक असं कबूल करतो हेच मला मोठं नवल वाटलं. कुणी हे काचेच्या बरणीत करून दाखवलं तर ती बरणी मी वडवणीच्या विज्ञान प्रदर्शनात नेईन, आणि नंबर आला तर त्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या वडिलांशी पुढच्या शिक्षणाचं मी स्वतः बोलेन, असंही ते म्हणाले. 'मुलीच्या' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांनी माझी शाळा दहावीवर थांबवायचं ठरवलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. झालं, माझ्या डोक्यात राणी शिरली.

राणी आत्यानंच धरली. आठ दिवसांच्या झडीनंतर उघडीप पडलेली, दुपारचं ऊन चटचट लागत होतं आणि भुईतून पंखवाल्या मुंग्यांचा नुसता लोंढा निघालेला. कोंबड्यांची चंगळ चालली होती. अण्णा बाजेवर पडून म्हणाले, "मुंगीला पंख फुटले की समजायचं, मरन आलं." मी रुमाल घेऊन इकडून तिकडं धावत होते आणि हाताला येत होते ते बारके नरच. आत्या खोपटाच्या कुडाशी उकिडवी बसली, दोन क्षण बघितलं आणि पदराच्या टोकावर एक मोठी काळी मुंगी उचलून घेतली. पंख झाडून टाकलेले, पोट टचटचीत. "ही घे तुजी रानी. कशी मोलकरनीवानी पळायली बघ घर धुंडीत."

बरणी मायची, लोणच्याची. आत्यानं ती राखेनं तीनदा घासली, उन्हात वाळवली, वास घेतला, पुन्हा घासली. मी शेतातली काळी माती भरायला निघाले तर म्हणाली, "आगं खुळे, काळी वाळली की भेगाळती. चेंगरून मरंल ती. माळावरची चाळून घाल, त्यांच्या घरची माती हाय ती." सरांच्या पुस्तकात हे नव्हतं. राणीनं काचेला लागूनच बोटाच्या पेराएवढी खोली कोरली, वरचं तोंड लिंपलं आणि आत बसून राहिली. तोंडाला फडकं बांधून, बरणीभोवती आत्याच्या जुन्या चोळीचा काळा तुकडा गुंडाळून आम्ही ती आतल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. रोज संध्याकाळी आत्या बोट पाण्यात बुडवून मातीच्या एका कडेला दोन थेंब सोडायची. ते काम ती माझ्याकडं द्यायची नाही. "तुजा हात लई सुटा हाय, बुडवशील तिला."

राणी काही खात नव्हती. मी कासावीस. गूळ देऊ का, दूध देऊ का म्हणून दिवसातून चारदा विचारायचे. आत्या म्हणायची, "बाळंतिणीचं दार सारखं सारखं वाजवू नये." मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तिला आता उडायचं नाही, म्हणून पंखांच्या मुळाशी असलेलं मांस ती आतल्या आत जिरवते आणि त्यावरच पिलं पोसते. हे मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आत्या बराच वेळ काचेकडं बघत बसली. "आपल्या अंगाचं खायाला घालून लेकरं वाढवती? मंग ही कसली रानी, ही तर बाईच हाय की." माय चुलीपाशी होती. ती हसली. दोघी एकदम हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच एकदा.

मग पांढरे ठिपके आले, ठिपक्यांच्या बारीक अळ्या झाल्या, अळ्यांचे दाण्यासारखे कोश झाले. पोळ्याच्या सुमाराला एके सकाळी आत्यानं मला गदागदा हलवून उठवलं. "ऊठ शके, ऊठ! झाल्या! पाच झाल्या!" राणीभोवती पाच फिकट, केसाएवढ्या मुंग्या अडखळत चालत होत्या. आत्यानं काचेवरनं हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्या दिवशी आमच्याकडं गूळ घालून गव्हाची खीर झाली. अण्णांनी विचारलं, "आज कशाचा सण?" आत्या म्हणाली, "बारसं हाय." अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "लोकं मुंग्या मराव्या म्हून पावडर टाकतेत, अन् ह्या दोघी त्यांचं बारसं घालायल्यात. आनंद हाय." पण खीर त्यांनी दोन वाट्या खाल्ली.

खायला काय घालायचं ते आत्याच ठरवायची. शेळ्यांमागं फिरताना गवताचं बी ओरबाडून आणायची, राळ्याचे दाणे, बाजरी पाट्यावर भरडून. दिवाळीपर्यंत मी चोवीस मुंग्या मोजल्या. आत्याचा आकडा पंचवीस, कारण एक कायम राणीच्या मागं दडून बसती असं तिचं म्हणणं होतं, आणि या एका मुंगीवरून आमची रोज भांडणं. सर घरी येऊन बघून गेले. आत्यानं त्यांना चहा दिला आणि मुंग्या कशा वाढवल्या ते सांगायला लागली, तर मी मध्येच तोंड घालून सगळं मीच सांगितलं. 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणून सांगितलं. आत्या कौतुकानं ऐकत राहिली. माझंच कौतुक होतं तिच्या तोंडावर.

आता ते तांदळाचं. माघात आमच्या घरची कंदुरी होती, बोकड कापून गावजेवण घालायचं, म्हणून अण्णांनी आधीच बाजारातून तांदूळ आणून ठेवला होता. तांदूळ म्हणजे आमच्याकडं सणाची गोष्ट, रोज बाजरी नाहीतर ज्वारी. त्याला कीड लागू नये म्हणून मायनं मला बोरिक पावडर आणि एरंडेल दिलं आणि मी परातीत घेऊन तो सगळा तांदूळ चोळून डब्यात भरला. दिवसभर हात चिकट होते. पुढं प्रदर्शनाला एक आठवडा राहिला, शनिवार होता, आत्या माळावर गेली होती, आणि माझ्या मनात आलं की परीक्षकांपुढं माझ्या मुंग्यांनी काळपट बाजरी काय चघळत बसायचं! पांढरा तांदूळ मातीत कसा उठून दिसेल. घरात जे सगळ्यांत चांगलं तेच माझ्या राणीला. मी डब्यातून दहा-बारा दाणे घेतले, दाताखाली न घालता, हो, राणीला उष्टं नको एवढी अक्कल होती, बत्त्यानं फोडले आणि बरणीत टाकले. धुतले नाहीत. आमच्या घरी तांदूळ न धुता कुणाच्या पोटात जातच नव्हता, म्हणून त्याला काही लागलेलं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. जी पावडर मी या हातांनी चोळली ती. सांगायला बसलं की कुणाला खरं वाटत नाही, पण माणूस असंच विसरतं.

मंगळवारी मुंग्या सुस्तावल्या. बुधवारी तीन उताण्या पडल्या. थंडी वाढली होती, आत्या म्हणाली, "गारठल्यात गं बिचाऱ्या," आणि ती रोज सकाळी बरणी चुलीपासून हातभर लांब, उबेला ठेवायला लागली. गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा सात-आठच हलत होत्या. तरी मला वाटत होतं, राणी आहे ना, राणी आहे तोवर सगळं आहे. शुक्रवारी सकाळी उठले, कोनाड्यात बरणी नाही. चुलीकडं गेले तर तिथं होती. फडकं सोडून बघितलं. राणी कुशीवर पडली होती, पाय पोटाशी घेतलेले. मी बरणी हलवली तर ती मातीच्या खड्यासारखी गडगडली.

आत्या परातीपुढं बसली होती. माय शेजारी मिरच्या भाजत होती. मी ओरडले, "तू मारलीस! चुलीत घालून मारलीस माझी राणी!" आत्या म्हणाली, "आगं, चुलीत कुठं, हातभर लांब..." तिला पुरं बोलूही दिलं नाही मी. माझी जीभ लहानपणापासूनच धारेची. वर्गात त्याचं कौतुक व्हायचं. मी म्हणाले, "तुज्या हातात काय जगलंय आजवर? पोटची दोन जगली न्हाईत, ह्या कशा जगतील?"

शब्दन् शब्द लिहिलाय. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्यातले काही शब्द मऊ करून बघितले, काही गाळून बघितले. हेच होते.

आत्यानं हातातली भाकरी पुरी थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर शेकली. मग हात धुतले आणि मायकडं बघितलं. मायनं माझ्याकडं बघितलं, मग चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि मिरच्या हलवत राहिली. मला त्या वेळी बरं वाटलं की माय रागावली नाही. आज कळतं की त्या वेळी मायनं उठून माझ्या एक थोबाडीत ठेवून दिली असती, नुसतं "शके, तोंड आवर" म्हणाली असती, तरी आत्या राहिली असती. ती वाटच बघत होती, या घरात कुणी तरी, ते खोटं आहे म्हणतंय का याची. कुणी म्हणालं नाही. मायला आता जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि सगळा दोष तिच्या पदरात टाकायला मी ही पानं लिहीत नाही. बोलले मी होते.

आत्या नेहमीसारखी शेळ्या घेऊन गेली. संध्याकाळी अण्णांना म्हणाली, "कड्याच्या वैनीचे दिवस भरत आलेत, तिच्यापाशी कुनी न्हाई. मी जाऊन ऱ्हाते." अण्णांना सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. ते पटकन म्हणाले, "आन् शेळ्यांचं काय?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, शेळ्यांचं काय हा प्रश्न खराच होता. पण पहिल्यांदा तोंडातून तेच आलं. आत्या म्हणाली, "शकी हाय की सुटीच्या दिशी. एरवी तुमी बघा." रविवारी ती गेली. मी घरात थांबले नाही; सरपण आणायला म्हणून निघाले आणि एस.टी. गेल्यावरच परत आले, मोळी न घेता. कोनाड्यात बरणी नव्हती. ती आत्यानं धुऊन, वाळवून मायच्या उतरंडीशेजारी जागच्या जागी ठेवली होती. आतल्या मातीचं काय केलं हे मी कुणाला विचारलं नाही. प्रदर्शनाला सरांनी वर्गातल्या एका मुलाची विजेची घंटा नेली. मला विचारलं, "कशानं मेल्या गं?" मी म्हणाले, "आत्यानं चुलीजवळ ठेवल्या." दुसऱ्यांदा म्हणाले.

कंदुरीच्या दिवशी मायनं तांदळाची पाटी माझ्यापुढं ठेवली. "तीन पान्यानं धू. बोरिक हाय. पोटात गेलं तर सगळी पंगत उलट्या करंल." पहिल्या पाण्यात हात घातला आणि पाणी पांढरं झालं. मग विचारलं, "माय, यानं मुंगी मरती का?" माय कांदा कापत होती. म्हणाली, "आगं, किडामुंगी मरावी म्हून तर चोळतेत. कावून?" मी म्हणाले, "न्हाई, उगं." तीन पाण्यानं धुतला मी तो तांदूळ. चौथ्यांदाही धुतला. त्या दिवशी पंगतीत वाढायला आत्या नाही म्हणून चार बायकांनी विचारलं, आणि मायनं चौघींना कड्याचं बाळंतपण सांगितलं. बाळंतपण होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, अजून वेळ होता. एक माणूस पाठवून निरोप दिला असता तरी चाललं असतं. मी पोस्टकार्ड आणलं. 'ती. गोदाआत्यास साष्टांग नमस्कार' लिहिलं. मग आठवलं, आत्याला वाचता येत नाही, दुसरंच कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार, सगळ्यांसमोर. हे निमित्त मला फार सोयीचं पडलं. 'तुझ्या शेळ्या बऱ्या आहेत' एवढंच लिहून कार्ड टाकलं. शेळ्या बऱ्या नव्हत्या. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी त्या विकल्या.

सर शब्दाला जागले. नंबर नसतानाही अण्णांशी बोलले, मी बीडला शिकले, विज्ञानाचीच शिक्षिका झाले. दरवर्षी मुंग्यांचा धडा यायचा. मी मुलांना बरणीची गोष्ट सांगायचे, राणीचं, पोळ्याच्या सकाळच्या पाच मुंग्यांचं, चोवीस की पंचवीस या भांडणाचं. मुलं विचारायची, "मग काय झालं बाई?" मी सांगायचे, मग परीक्षा आली, सोडून दिल्या. आत्या लग्नाकार्यात भेटायची. माझ्या तोंडावरनं हात फिरवायची, माझ्या मुलांच्या हातात खाऊ द्यायची, बरी हाईस का विचारायची. राहायला मात्र आमच्याकडं कधी आली नाही, अण्णा आजारी होते तेव्हासुद्धा सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगू. दर वेळी भोवती माणसं असायची, आणि नसली तर मी शोधून आणायचे.

मागच्या हिवाळ्यात मी एकटीच कड्याला गेले. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, कमरेत वाकली, कान मात्र शाबूत. जिच्या बाळंतपणाला ती गेली होती त्या वहिनी गेल्या, घर त्यांच्या मुलाचं आहे, तो आणि त्याची भावंडं तिला 'मोठी माय' म्हणतात. अंगणात उन्हाला बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी जवळ बसले, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सांगून टाकलं. शिक्षिकेला शोभेल असं सगळं मुद्देसूद सांगितलं. बोरिक पावडर कशी असते, मुंगीच्या पोटात गेली की काय करते, मरायला तीन-चार दिवस कसे लागतात, म्हणजे चुलीचा काही संबंध नव्हता, तुझा काही संबंध नव्हता, तांदूळ मी टाकला होता, पावडर मीच चोळली होती. बोलताना मला रडू आलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनत्या मुंग्या गं?"

मी बरणीची आठवण दिली. चोळीच्या तुकड्याची, खिरीची. "हां," ती म्हणाली, "लोनच्याची बरनी. व्हय, व्हत्या खऱ्या मुंग्या." एक शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "म्हंजी मी न्हाई मारल्या."

"न्हाई आत्या. तू न्हाई मारल्यास. तेच सांगायला आले. मी तुला उगं बोलले."

तिनं पुढची शेंग उचलली. मला वाटलं, आता पाठीवरनं हात फिरवील, म्हणेल, जाऊ दे गं, लेकरू व्हतीस. त्याच्यासाठीच तर मी आले होते. ती म्हणाली, "आन् मी मारल्या असत्या तर?"

"अं?"

"मी मारल्या असत्या शके, चुलीत पडून मेल्या असत्या माज्या हातनं, तर तू बोललीस ते बराबर झालं असतं का?"

आवाजात राग अजिबात नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पावडरीचं सगळं सांगायला आले होते, माझ्या त्या बोलण्याचं नाही.